आमची हरकत आहे

वरच्या मजल्यावरच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. केक टेबलावर आला, मेणबत्ती लावली, कुणीतरी दिवे घालवले, टाळ्यांसाठी आम्ही हात उचलले आणि तेवढ्यात बाळाची आत्या म्हणाली, "थांबा, सगळ्यांनी नका म्हणू. आमची धाकटी म्हणेल. ती क्लासला जाते."

'क्लासला जाते' म्हटल्यावर पुढे बोलायची सोय उरत नाही. आम्ही हात खाली घेतले. धाकटीने डोळे मिटले, एक हात पोटाशी नेला, दुसरा हवेत धरला आणि 'हॅपी'तल्या 'हॅ'वर प्रस्थान ठेवलं. तो 'हॅ' वर गेला, तिथे थोडा थरथरला, मग ठेचकाळत, प्रत्येक पायरीला आवाज करत खाली आला. आता 'पी' येणार म्हणून आम्ही श्वास सोडला, तर तो पुन्हा वर निघाला. दुसऱ्या ओळीपर्यंत मेणबत्ती अर्धी झाली. बाळाने आधी ताईकडे पाहिलं, मग केककडे पाहिलं आणि आईच्या खांद्यावर मान टाकून ते झोपून गेलं. तिसऱ्या ओळीत बाळाचं नाव येतं. नाव दोन अक्षरी होतं. धाकटीने त्याचं सहस्रनाम केलं.

"अगं, मेण पडतंय केकवर," बाळाची आजी कुजबुजली.

"शूऽऽ! समेवर येतेय ती," आत्या म्हणाली.

केक आम्ही मेणासकट खाल्ला. व्हॅनिलात फारसं कळलं नाही.

हे गाणं ज्यांनी केलं त्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोघी बहिणी, अमेरिकेत केंटकी राज्यातल्या. पॅटीबाई बालवाडीत शिकवायच्या. चाल १८९३ साली छापून आली तेव्हा ती वर्गातल्या सकाळच्या नमस्काराची होती. वाढदिवसाचे शब्द तिला मागाहून चिकटले. बालवाडीतल्या पोरांना पटकन उचलता यावी म्हणून ती मुद्दाम सोपी ठेवलेली. त्यामुळे जगातलं कितीही बेसूर माणूस ती निभावून न्यायचं. मीही न्यायचो. गर्दीत मागे उभं राहून, टाळीच्या आवाजात स्वतःचा आवाज लपवून, मी चारचौघांत म्हणत आलो ते एवढं एकच गाणं. तेही आता क्लासला जाणाऱ्यांनी काढून घेतलं.

मला गाण्यातलं कळत नाही, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी सांगायला नको. पण चालू आहे ते गाणं कुठलं, एवढं तरी मला पूर्वी पहिल्या ओळीत कळायचं. हल्ली टीव्हीवर स्पर्धा चालू असते, मी आतून विचारतो, "कुठलं गाणं गं?"

बायको म्हणते, "थांबा, अजून शब्द आलेला नाही."

२००५ साली मुंबईचा अभिजित सावंत पहिला इंडियन आयडॉल झाला आणि घरोघरच्या मराठी आईबापांनी आपापल्या पोरांकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली. पुढे मराठीत 'लिटल चॅम्प्स' आलं. २००९ सालच्या त्या अंतिम फेरीनंतर तर आमच्या सोसायटीच्या बागेतली घसरगुंडी ओस पडली. टीव्हीवरची ती पाच मुलं खरोखर गाणारी होती. आमच्याकडची मुलं आधी हरकती शिकली. गाणं सुट्टीत शिकू म्हणाली.

परीक्षकांचं वागणंही आता ठरून गेलं आहे. सरळ सूर लागला की परीक्षक पाणी पितो. छोटी मुरकी आली की शेजारच्या परीक्षकाकडे बघतो. लांब हरकत आली की खुर्चीतून उठतो. आणि नेमकं काय चाललंय ते कुणालाच कळेनासं झालं, की धावत मंचावर जाऊन मिठी मारतो. "बेटा, ती जी जागा घेतलीस ना तू, तिथे माझ्या अंगावर काटा आला!" मग कॅमेरा काट्यावर जातो. मग स्पर्धकाच्या आईवर. मग, काही संबंध नसताना, दुसऱ्याच स्पर्धकाच्या आईवर. सरळ सुरावर कुणाला काटा आलेला मी टीव्हीवर पाहिलेला नाही. तो काटा यायला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात जाहिरात येते.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या मते हे सगळं अमेरिकेतून आलं, आणि अमेरिकेतून काहीही आलं, अगदी साथ आली, तरी तो ते अभिमानानेच सांगतो. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायला उभं राहिलेलं माणूस एखाद्या अक्षरावर अडायचं, त्याला घोळवायचं, समोर बसलेले लोक ओरडून त्याला दाद द्यायचे आणि पुढे ढकलायचे. त्या घोळवण्यामागे काहीतरी साचलेलं असायचं. व्हिटनी ह्यूस्टन असल्याच एका चर्चमध्ये गात तयार झाली. ते चर्च न्यू जर्सीतल्या नेवार्कचं. हे सांगताना भाऊ असा आवाज लावतो की बाई त्यांच्या महाराष्ट्र मंडळाच्या आजीव सभासद होत्या असंच वाटावं.

डॉली पार्टनने १९७४ साली एक निरोपाचं गाणं काढलं होतं, 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. निघते, वाईट वाटून घेऊ नकोस, सुखी राहा, एवढाच मजकूर, आणि तो तितक्याच साधेपणाने म्हटलेला. १९९२ साली 'द बॉडीगार्ड' सिनेमासाठी व्हिटनीने तेच गाणं घेतलं. सुरुवातीला साथीला एकही वाद्य नाही, आणि पुढे एकेक अक्षर असं वर नेलं की ते गाणं १४ आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिलं राहिलं. त्याच्या दोन वर्षं आधी मराया कॅरीने 'व्हिजन ऑफ लव्ह'मध्ये असाच कहर केला होता. दोघींच्या गळ्यात ते होतं, म्हणून शोभलं. पण तेव्हापासून जगातल्या प्रत्येक न्हाणीघरात निरोप घ्यायला वेळ लागू लागला. डॉली पार्टनच्या गाण्यातलं माणूस निघून जातं. नंतरच्या मंडळींच्या गाण्यातलं माणूस उठतं, चपला घालतं, दार उघडतं आणि उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास बोलत राहतं. आता ही पद्धत मात्र अमेरिकेची नव्हे. ती आमच्या मावशीची.

त्यांच्या राष्ट्रगीताची तर आणखीच गंमत. मोठ्या सामन्याआधी ते एकट्या गायकाच्या हवाली करतात. चाल मुळातच दीड सप्तक फिरणारी, त्यात गायकाला हुक्की. १९९१ साली टॅम्पामध्ये सुपर बोलच्या आधी व्हिटनीने ते गायलं आणि इतकं गाजलं की त्याची रेकॉर्ड विकायला काढली. मग प्रत्येक गायकाला वाटू लागलं की आपणही देशाचं काही देणं लागतो. २०१३ साली अलिशिया कीजने अडीच मिनिटांच्या पुढे मजल मारली. सुपर बोलच्या दिवशी राष्ट्रगीत किती सेकंद चालणार यावर तिथे पैजा लागतात, खऱ्या पैशांच्या. शेवटच्या अक्षरावर गायकाने आणखी एक वळण घेतलं की कुणाच्या तरी घराचं भाडं थकतं.

भाऊ एकदा बास्केटबॉलची मॅच बघायला गेला होता. राष्ट्रगीताला छातीवर हात ठेवून उभं राहायचं असतं. रात्री त्याचा फोन आला.

"अरे, हात भरून आला रे माझा."

"देशप्रेमाने?"

"कसलं देशप्रेम! फ्रोझन शोल्डर आहे ना मला."

आपल्याकडे सरकारने 'जन गण मन'ला सुमारे ५२ सेकंद नेमून दिली आहेत. यामागे शिस्त, गांभीर्य वगैरे कारणं असतील. मला मात्र दाट संशय आहे की हे ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरातलं कुणीतरी क्लासला जात होतं.

"अहो, पण अलंकार आपल्या संगीतातही आहेत की," असं आमच्या तळमजल्यावरचे तबलजी काका म्हणतात. आहेत ना! मींड आहे, खटका आहे, गमक आहे, आणि टप्प्यात तर मुरकीशिवाय पाऊल पडत नाही. बालगंधर्वांना पदापदाला वन्समोअर मिळायचे आणि 'स्वयंवर' बघायला रात्री गेलेले लोक पहाटे घरी यायचे. पण लोक तिकीट काढून जायचे ते त्याचसाठी. रुक्मिणीचं लग्न कृष्णाशीच होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. घाई कुणालाच नव्हती. शिवाय चाली भास्करबुवा बखल्यांच्या, त्यांत हिंडायला ऐसपैस अंगण होतं. आताच्या गाण्यात दोन शब्दांमध्ये मुंगीला शिरायला वाव नसतो, तिथे ही मंडळी तानेचं बिऱ्हाड घेऊन घुसतात.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. बाईंनी तेवढ्यात राग मांडला, ताना घेतल्या आणि शेवटी इंग्रजीत आपलं नावही सांगितलं. कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं. एवढं सगळं तीन मिनिटांत. आमच्याकडचा स्पर्धक तेवढ्या वेळात 'ओ' म्हणतो. पुढे भावगीतंही असल्याच तबकड्यांवर लहानाची मोठी झाली. सुधीर फडक्यांचं गाणं ऐकलं की हे आपल्यालाही जमेल असं वाटतं. खुशाल म्हणून बघावं. त्यात बारीकबारीक जागा भरपूर आहेत, पण त्या शब्दाच्या आत बसवलेल्या. शब्दाला बाजूला सारून कुणी तिथे पथारी पसरलेली नाही.

हा ताप फक्त आपल्याच कानांना झाला असंही नाही. रॉसिनी या इटालियन संगीतकाराची एक गोष्ट सांगतात. 'बार्बर ऑफ सेव्हिल' या त्याच्या १८१६ सालच्या ऑपेरातलं गाणं ॲडेलिना पॅटी या तरुण गायिकेने त्याच्यासमोर म्हटलं, आणि हौसेने इतकं नटवलं की संपल्यावर म्हाताऱ्याने अदबीने विचारलं, छान आहे हो, कुणाचं गाणं हे? आमच्याकडे तीही सोय नाही. विचारलं तर गाणारा खूश होऊन संगीतकाराचं नाव सांगतो आणि पुन्हा म्हणून दाखवतो.

सगळ्याच हरकतींना माझी हरकत आहे असं समजू नका. आमच्या गल्लीत एक भंगारवाला यायचा. 'भंगार'मधला 'गा' तो असा उचलायचा की चौथ्या मजल्यावरची बाई रद्दीचा गठ्ठा घेऊन खाली उतरायची. त्याच्या हरकतीला कारण होतं, पत्ता होता आणि शेवटी वजनकाटा होता. आता त्यानेही आवाज रेकॉर्ड करून हातगाडीला भोंगा लावलाय, आणि तो स्वतः गाडीमागे कानात बोंड्या घालून कुठल्याशा स्पर्धेतलं गाणं ऐकत चालतो.

माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. तो नेमकं काय शिकतो याचा मला पत्ता लागलेला नाही, पण कुठल्या शहरात कधी ऑडिशन आहे हे त्याला तोंडपाठ असतं. रियाज म्हणजे मोबाइलवर एखाद्या परदेशी गायकाची एकच हरकत लावायची, निम्म्या वेगाने ऐकायची, पाव वेगाने ऐकायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन ती काढायची. पाव वेगातली हरकत बाहेरून ऐकली तर आत कुणालातरी कळा येताहेत असं वाटतं. शेजारच्या काकूंनी दारात येऊन विचारलं, "भाच्याला बरं नाही का हो? ओवा देऊ का थोडा?"

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, एखादं गाणं म्हण की पूर्ण."

"गाणं काय मामा, कुणीही म्हणतं."

"आणि या कसरतीत सूर सुटला तर?"

"ऑटोट्यून असतं मामा."

ही ऑटोट्यूनची युक्ती अँडी हिल्डेब्रँड नावाच्या गृहस्थाने १९९७ साली बाजारात आणली. त्याआधी तो तेलाच्या धंद्यात होता. जमिनीत लहरी सोडायच्या, परत येतील त्यांचं गणित करायचं आणि खाली तेल कुठे आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. तेच गणित त्याने सूर शोधायला लावलं. फरक एवढाच, की तेल मुळात असलं तरच सापडतं.

गणपतीत आमच्या सोसायटीत कराओकेची स्पर्धा असते. या यंत्राचा जनक म्हणून दाइसुके इनोऊए या जपानी माणसाचं नाव घेतात. गाव कोबे, साल १९७१. माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवली म्हणून त्याला २००४ साली शांततेचं इग्नोबेल मिळालं. ते थट्टेचं पारितोषिक असतं म्हणे. मला त्यात थट्टा दिसत नाही.

मला गाता येत नाही याबद्दल सोसायटीच्या तिन्ही विंगमध्ये एकमत असल्यामुळे कमिटीने माझ्या हातात घंटा दिली. नियम सोपा. प्रत्येकाला चार मिनिटं, मग घंटा, आणि दहाच्या ठोक्याला माइक बंद. कारण रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी. गणपतीतल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस कमिटीने बाहेरच्या ऑर्केस्ट्राला देऊन टाकले होते.

तबलजी असला तर तो गायकाच्या तोंडाकडे बघून ठेका धरून बसतो, पेटीवाला सांभाळून घेतो. कराओकेचा ट्रॅक कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पडद्यावरचे शब्द रंग बदलत आपल्या वाटेने चालू पडतात. बी विंगमधल्या पहिल्या स्पर्धकाने पहिल्याच शब्दावर जागा घेतली. ती संपवून तो परत आला तेव्हा पडद्यावर दुसरं कडवं चाललं होतं. तो डगमगला नाही. मधले सगळे शब्द एका दमात उरकून त्याने ट्रॅकला गाठलं, आणि गाठल्याच्या आनंदात पुन्हा एक तान घेतली. मग ट्रॅक संपला. गाणं राहिलंच होतं. ते त्याने वाद्यांशिवाय म्हटलं. लोकांना वाटलं हा मुद्दाम केलेला प्रयोग आहे; टाळ्या पडल्या.

मी घंटा वाजवली. त्याने डोळे न उघडता माझ्या दिशेने हात केला आणि 'वा' म्हणून मान डोलावली. मी पुन्हा वाजवली. तो घंटेच्या पट्टीत गेला.

मग सी विंगच्या काकू आणि काका द्वंद्वगीताला आले. काकांच्या वाट्याला प्रत्येक कडव्यात एक ओळ होती, आणि दोन्ही वेळा ती काकूंच्या तानेखाली निघून गेली. काकांनी माइक तोंडाशी नेला, तोंड उघडलं, थोडं थांबून मिटलं. खाली उतरल्यावर कुणीतरी विचारलं, "काका, कसं वाटलं स्टेजवर?"

"काही वेगळं नाही," काका म्हणाले.

भाच्याने अंगाई निवडली होती. मी जरा सुखावलो, म्हटलं अंगाईत काय करून करून करशील. त्याने पहिल्या ओळीत बाळाला उचललं आणि खाली ठेवलंच नाही. मांडवात आयांच्या मांडीवर झोपलेली सोसायटीतली झाडून सगळी पोरं उठली. एकाने सूर लावला, दुसऱ्याने धरला. परीक्षक म्हणून बोलावलेल्या क्लासच्या सरांनी शेऱ्याच्या रकान्यात 'श्रोत्यांचा सहभाग उत्तम' असं लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून पाहिलं.

शेवटच्या स्पर्धक ताई आल्या तेव्हा घड्याळाकडे बघायची माझी छाती होईना. गेटपाशी हवालदार येऊन उभा राहिला. सेक्रेटरी मला पुढे घालून त्याच्याकडे गेले.

"किती राहिलंय?" हवालदाराने विचारलं.

"शेवटचा शब्द चाललाय, साहेब."

"कधीपासून?"

"पावणेदहापासून."

हवालदाराने टोपी काढून काखेत धरली, थोडा वेळ कान दिला आणि म्हणाला, "बाईंना म्हणावं, मुद्द्यावर या."

टाळ्यांचं म्हणाल तर त्या मीही वाजवल्या. हरकत संपली की माझे हात आपोआप एकमेकांवर येतात, संपली या आनंदाने. गाणाऱ्याला वाटतं दाद मिळाली, म्हणून तो पुढची घेतो. ती संपली की मला आणखी आनंद होतो. यातून सुटका कशी व्हायची?

माइक बंद झाल्यावर आरती झाली, आणि इथे माझी थोडी अडचण आहे. विठ्ठलाच्या आरतीतला तो 'येई' कुणी साधा म्हटलेला तुम्ही ऐकलाय? आमच्याकडे सगळी सोसायटी त्या 'ई'वर दम धरते. बायका आधी सुटतात, मग मुलं. शेवटी बँकेतून निवृत्त झालेले काका आणि मी असे दोघंच उरतो. काकांचा चेहरा आधी लाल होतो, मग जांभळा. काकू रक्तदाबाची गोळी हातात घेऊन तयार असतात. पांडुरंग आलेलाच असला तर तो आमचं होईपर्यंत बाहेर लिफ्टपाशी थांबत असावा. पण ही हरकत नव्हे, ही भक्ती आहे, आणि यंदा मी जिंकलो.

उत्सवानंतरच्या बैठकीत पुढच्या वर्षीचे नियम निघाले. एका अक्षराला जास्तीत जास्त किती स्वर लावावेत यावर बराच वेळ गेला. खजिनदारांनी सुचवलं की जादा स्वरामागे पाच रुपये घेऊन ते सिंकिंग फंडात टाकावेत. "आधी पार्किंगचं थकलंय ते वसूल करा," सेक्रेटरी म्हणाले. भाच्याने तरुणांच्या वतीने निषेध नोंदवला. तो लिहून देताना त्याने आडनावापुढे चार टिंबं काढली. शेवटी एकच कलम सगळ्यांना पटलं: 'गाणे मूळ चालीत गावे.' पण मूळ चाल म्हणजे काय, हे सांगणार कोण? तबलजी काका म्हणाले, "पहिल्या मजल्यावरच्या आजींना बोलवा. त्यांना रेडिओवरची सगळी पाठ आहेत."

आजी आल्या. त्यांनी पदर सावरला, खुर्ची नको म्हणाल्या, आणि एक जुनं भावगीत म्हटलं. शब्द न् शब्द कळला. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी त्या मधेच थांबल्या, आणि मग उरलेला शब्द त्यांनी हळूच, अर्ध्या आवाजात घेतला. गाणं संपल्यावर क्लासचे सर उठून पुढे आले आणि त्यांनी आजींचे पाय धरले.

"आजी, दुसऱ्या कडव्यात तो शब्द तोडून जी जागा घेतलीत, काय विचार आहे हो त्यामागे! अंगावर काटा आला."

"कसला विचार?" आजी म्हणाल्या. "दम लागला मला तिथं. माझा पंप वर राहिलाय."

भाच्याने ते सगळं वहीत टिपून घेतलं. हल्ली तो लिफ्ट वापरत नाही. रोज सकाळी चार मजले पळत चढून येतो आणि दार उघडल्या उघडल्या गायला बसतो.